पडशील, खाली उतर!

पारनेर तालुक्यातील एका गावी अंगणवाडीच्या कट्ट्यावरून चार-पाच वर्षांची मुले उड्या मारीत होती. एक चिमुरडी पुढे सरसावली, तोच शेजारच्या ओट्यावरील आजी ओरडल्या, "अगं पडशील, खाली उतर!" ती निमूटपणे उतरली. तिचा धाकटा भाऊ दोनदा आपटला, पुन्हा चढला. आजी कौतुकाने हसल्या.

मुलगा जात्याच दांडगा, मुलगी जात्याच नाजूक, ही आपली ठाम समजूत. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. ११ महिन्यांच्या रांगत्या बाळांच्या मातांना, आपले बाळ किती तीव्र उतार उतरू शकेल, असे विचारण्यात आले. मुलग्यांच्या मातांनी अंदाज वाढवून सांगितला, मुलींच्या मातांनी कमी करून. प्रत्यक्षात दोघांच्या रांगण्यात फरक आढळला नाही!

पुढे शाळेच्या वयात चेंडू फेकण्यात मुलगे सरस दिसतात, तर तोल सांभाळण्यात व बोटांच्या कामात बहुधा मुली, हे खरेच. त्यात काही अंश उपजत असेलही. पण वयात येण्यापूर्वी दोघांच्या देहयष्टीत फारसे अंतर नसते. सरावात मात्र मोठे अंतर असते. एकाच्या हाती आपण बॅट देतो, दुसरीच्या हाती भातुकली.

याचे खापर सरसकट परंपरेवर फोडण्याची घाई मात्र नको. झिम्मा, फुगडी, लंगडी, नागपंचमीचा झोका यांनी आपल्या लेकींचे पाय बळकट केले, तोल घडविला. त्याच आजींना विचारले, तर म्हणाल्या, "आम्ही तर चिंचेच्या शेंड्यावर जायचो की!" हे खेळ आज स्नेहसंमेलनापुरते उरले आणि त्यांची जागा दूरचित्रवाणीने व भ्रमणध्वनीने घेतली.

हानी मुलग्यांचीही होते. शेंगा सोलणे, फुले ओवणे, कणकेचा गोळा मळणे, सागरगोटे झेलणे यांतून बोटे तयार होतात. ही कामे 'बायकी' ठरवून आपण त्यांच्यापासून हिरावतो आणि पहिलीत गेल्यावर 'मुलांचे अक्षर वाईटच' म्हणून मोकळे होतो.

२०२४ साली या जिल्ह्याने चौंडीच्या लेकीचे, अहल्यादेवींचे नाव धारण केले. तेव्हा निदान येथील घराघरांत संध्याकाळचा अर्धा तास चेंडू मुलीकडे आणि पोळपाट-लाटणे मुलाकडे जावे. अंगणवाडी सेविकांनीही कट्ट्यावरच्या रांगेत मुलींना प्रथम उभे करावे. आजींची समजूत त्या घालतीलच.