प्रेरणेची सबब

आपल्या समाजातून लेखक का निर्माण होत नाहीत, हा प्रश्न दर दोन-चार वर्षांनी कुठल्यातरी मेळाव्यात विचारला जातो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते. प्रतिभा ही ईश्वरी देणगी आहे, ती मोजक्यांनाच लाभते आणि प्रेरणा झाल्यावाचून लेखणी चालत नाही. हे उत्तर ऐकून सर्वजण समाधानाने चहापानाला उठतात. मला ते मान्य नाही. नम्रतेचा वेष घेतलेली ती एक सबब आहे, आणि ती पुढे करणाऱ्यांत मी स्वतः कित्येक वर्षे होतो, एवढे आरंभीच कबूल करतो.

‘प्रेरणा’ हा शब्द आम्ही धर्मगुरू मंडळी ज्या सढळपणे वापरतो, त्याचे मला अलीकडे नवल वाटू लागले आहे. सेमिनरीत आम्हांला पवित्र शास्त्राच्या प्रेरणेचा सिद्धान्त शिकवला गेला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रसृत केलेल्या ‘देई व्हेर्बुम’ या दस्तऐवजात तो स्पष्ट मांडला आहे: शास्त्रलेखकांनी स्वतःची बुद्धी, स्वतःची शक्ती वापरून लिहिले आणि ते खऱ्या अर्थाने लेखकच होते. देवाने त्यांचा हात धरून अक्षरे गिरवून घेतली नाहीत. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी सांगतो की, आपण सगळा शोध घेतला आणि मगच थेयफिलासाठी, म्हणजे एका माणसासाठी, लिहायला बसलो. मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकाचा लेखक तर शेवटी वाचकांपुढे सरळ हात जोडतो: साधले असेल तर हेच मला हवे होते; साधले नसेल तर माझी धाव एवढीच होती. (हे पुस्तक आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलात नाही. एका भिडस्त लेखकाला ते मुकले, असे मी त्यांना गमतीने म्हणत असतो.) शास्त्रालाच जर शोध, कष्ट आणि संकोच चुकला नाही, तर आपल्या घरच्या वहीने आकाशवाणीची वाट का पाहावी?

आता माझा अपराध सांगतो. माझ्या पौरोहित्याच्या पहिल्या दशकातली गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मिस्सा आटोपल्यावर चाळिशीची एक बाई माझ्याकडे आली. पदराखाली शाळेची वही होती. ‘फादर, वाचून पाहा जी,’ एवढेच म्हणाली. वहीत अकरा पाने होती. एकाधिकार खरेदीच्या काळात कापसाच्या गाड्यांची रांग लागे, त्या रांगेतली दोन रात्रींची हकिकत तिने लिहिली होती. नवरा बैलगाडीसह रांगेत अडकलेला, ही भाकरी घेऊन पायी गेलेली, कडेवर तापाने फणफणलेले लेकरू. ग्रेडर येईना, पुढे माप होऊन चुकाराही लवकर मिळण्याची आशा नाही. शेवटच्या पानावर एवढेच होते की, लेकरू गाडीतल्या कापसावर झोपले आणि नवरा कंदिलाच्या उजेडात त्याच्या पापण्यांना चिकटलेले तंतू एकेक करून काढीत बसला.

मी काय करावे? मी लाल शाईचे पेन काढले. ‘मले’चे ‘मला’ केले, ‘पऱ्हाटी’ खोडून ‘कपाशीचे झाड’ लिहिले, ‘चुकारा’ काढून ‘रक्कम’ घातली. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होते. पण पापण्यांवरचे तंतू हा काही लेखाचा शेवट होऊ शकत नाही, असे माझ्या प्रशिक्षित मनाला वाटले. म्हणून देव आपल्या लेकरांना संकटात कसा विसरत नाही, यावर मी सात ओळी स्वहस्ते जोडल्या. वही परत देताना मला स्वतःचे मोठे कौतुक वाटत होते. तिने उभ्या उभ्याच शेवटचे पान वाचले आणि म्हणाली, ‘चांगलं झालं जी फादर, पन हे माह्यं नोहे.’

त्यानंतर तिने मला कधी काही दाखवले नाही. ती सात वाक्ये मी आजवर विसरलेलो नाही. धर्मतत्त्वाच्या दृष्टीने त्यांत काडीची चूक नव्हती.

हा एकट्या माझा दोष असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण नाताळनिमित्त घेतल्या जाणाऱ्या आपल्या निबंधस्पर्धा आठवून पाहा. विषय आम्ही देतो, शब्दमर्यादा आम्ही घालतो, शेवटी येणारा बोध आम्हांला आधीच ठाऊक असतो आणि तो ज्याने सुवाच्य अक्षरात परत दिला त्याला आम्ही स्टीलचा डबा बक्षीस देतो. घरी तर याहून वाईट. मुलीने वहीत काही लिहिलेले दिसले की आईचा पहिला प्रश्न ‘हे कोणासाठी लिहिलंस?’ आणि बापाचा दुसरा, ‘याचे गुण मिळतात का?’ मग आपणच विचारतो, लेखक का निर्माण होत नाहीत!

लिझ्यूची संत तेरेसा आपल्या घराघरांत फोटोच्या रूपाने आहे. तिचे आत्मचरित्र कसे जन्मले, हे फारसे सांगितले जात नाही. बालपणीच्या आठवणी ती मठातल्या आपल्या सख्ख्या बहिणींना सांगत असे. थोरल्या मरीने सुचवले आणि त्या वेळी मठाची प्रमुख असलेल्या दुसऱ्या बहिणीने, पोलीनने, १८९४ च्या अखेरीस तिला ते लिहून काढण्याची आज्ञा केली. ती आज्ञा झाली नसती तर पुढे १९९७ मध्ये ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून घोषित झालेल्या या संतेची ती वही कदाचित जन्मालाच आली नसती. प्रेरणा म्हणतात ती ही: घरातल्या कोणीतरी ऐकले आणि म्हटले, लिहून ठेव. परंतु गोष्ट इथे संपत नाही. तेरेसा १८९७ साली वारली आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघाले, ते त्याच प्रेमळ बहिणीने जागोजागी दुरुस्त करून, सफाईदार करून. तेरेसेचे स्वतःचे शब्द जसेच्या तसे जगापुढे यायला १९५६ साल उजाडावे लागले. जिने लिहायला लावले तिच्याच हाती लाल शाईही होती. हे वाचल्यावर माझ्या अपराधाचे ओझे थोडे हलके झाले, असे खोटे सांगणार नाही. उलट ते वाढलेच.

इकडे मराठीतही तेच दिसते. लक्ष्मीबाई टिळकांना शाळा ठाऊक नव्हती; मुलाच्या, देवदत्तांच्या, आग्रहामुळे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली गेली. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, घरच्यांनी ओव्या टिपून ठेवल्या म्हणून १९५२ साली महाराष्ट्राला त्या वाचता आल्या. फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये रायतूर येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले, त्याच्या आरंभीच तो सांगतो की साष्टीतल्या एका ब्राह्मणाने त्याच्याकडे मागणी केली होती: आमची जुनी पुराणे गेली, मग नवी का देत नाही? आपल्या ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या पायाशी अशी एका श्रोत्याची मागणी आहे. आणि आम्हां वऱ्हाडवासीयांना तर दूर जायचेही कारण नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. नागदेवाचार्यांना विचारले, इतर अनुयायांकडे जाऊन पडताळून पाहिले, आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ जिथे झाला तिथल्या भाषेला आम्ही ‘अशुद्ध’ म्हणून लाल शाईने खोडतो, याला काय म्हणावे?

माझ्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ वाङ्मयीन हौसेचा नाही. यवतमाळचे नाव देशभर पोचले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. अशा घरावर प्रथम जे गद्य लिहिले जाते ते पंचनाम्याचे. त्यात सातबारा असतो, कर्जाची बाकी असते आणि अखेरीस प्रकरण शासकीय मदतीसाठी ‘पात्र’ की ‘अपात्र’, हा निवाडा असतो. मग वार्ताहर लिहितो, अभ्यासक लिहितो, क्वचित आम्हीही प्रवचनात उदाहरण म्हणून वापरतो. ज्या स्त्रीच्या घरी हे घडले ती मात्र त्यावर अंगठा किंवा सही करते. तिच्या नवऱ्याला भाकरीबरोबर काय आवडत असे, हे कोणत्याच कागदात येत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचे दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले. ती गोष्ट मराठीला शोभणारी नव्हती आणि त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. पण त्यानंतर उद्घाटन झाले ते कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते. त्या स्वतः आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी, अंगणवाडीत काम करणाऱ्या. त्यांच्या भाषणाने सभामंडप हलला. नंतर लोक म्हणाले, कुठून आले हिला हे बळ? त्या एकाएकी आकाशातून उतरल्या नव्हत्या. शेतकऱ्यांच्या विधवांनीच ज्यात भूमिका केल्या त्या ‘तेरवं’ नाटकात त्या उभ्या राहिल्या होत्या. तिथे कोणीतरी त्यांना आधी बोलते केले होते. पुढच्याच वर्षी उस्मानाबादला फादर फ्रान्सिस दिब्रिटो संमेलनाध्यक्ष झाले. आपण टाळ्या वाजवल्या, सत्कार केले, आणि जणू सर्वांच्या वतीने त्यांनीच लिहून टाकले अशा थाटात स्वस्थ बसलो. जुलै २०२४ मध्ये ते गेले. आता?

माझ्या एका विद्वान मित्राचा आक्षेप असा की, कोणालाही लिहा म्हटले तर कचरा साचेल आणि वाङ्मयाचा दर्जा खालावेल. त्यांना माझे उत्तर असे की, लिहायला लावणे आणि छापणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संपादकाने निवड कठोरपणे करावी. परंतु जे लिहिलेच गेले नाही त्यातून तो निवडणार काय? दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. घरातले दुःख कागदावर आले की ते गावभर होते, आणि लहान धर्मग्रामात तर कोणाबद्दल लिहिले आहे हे दुसऱ्या ओळीला ओळखू येते. हे खरे आहे. आपल्या सासूबद्दल लिहिणाऱ्या सुनेला त्याच अंगणात राहायचे असते. यावर माझ्याकडे तयार तोडगा नाही. वही दाखवलीच पाहिजे असा नियम कोणी करू नये, एवढेच म्हणतो. आणि धर्मगुरूलाही ती मागण्याचा अधिकार नाही.

गेल्या पोळ्याला त्या बाईच्या गावी गेलो होतो. आता तिची साठी उलटली आहे. धीर करून जुन्या वहीबद्दल विचारले. ‘कोन जाने जी, उंदरानं खाल्ली असंन,’ म्हणून तिने विषय संपवला. ओसरीवर तिची आठवीतली नात पोटावर पडून काहीतरी लिहीत होती आणि मधूनच विचारीत होती, ‘मग आजी, बैलं कुठं बांधले होते?’ म्हातारी तांदूळ निवडता निवडता सांगत होती. मुलीने माझ्याकडे पाहून वही थोडी जवळ ओढली. मी चहा घेतला, बैलांच्या शिंगांना लावलेल्या बेगडाचे कौतुक केले आणि निघालो. पेन खिशातच होते.