गाणी वाजू द्या, पण सेल सांभाळा!

आपल्या होस्टेलमध्ये शांतता फक्त सबमिशनच्या आदल्या रात्री असते. एरवी प्रत्येक मजल्यावर एक तरी स्पीकर वाजतच असतो, आणि त्यातला बराचसा माल घरगुती! जुना स्पीकर, छोटा ब्लूटूथ ॲम्प्लिफायर बोर्ड आणि बंद पडलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल. इंजिनिअरिंगला येऊन एवढं तरी जमायलाच हवं, आणि ते जमतं याचा मला अभिमानच आहे. पण मित्रांनो, मेसच्या आमटीवर आपण जेवढी चर्चा करतो, त्याच्या पाव हिश्श्याने तरी या सेलवर करतो का?

आधी थोडी थिअरी. (कॉन्व्हेंटवाल्यांना 'विभवांतर' हा शब्द परग्रहावरचा वाटतो, तेव्हा मी व्होल्टेजच म्हणते.) १९७९ साली आलेला सोनीचा पहिला वॉकमन दोन साध्या पेन्सिल सेलवर चालायचा. पुढे चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल आले, १.२ व्होल्टचे, स्वभावाने तसे गरीब. १९९१ मध्ये सोनीनेच लिथियम-आयन सेल बाजारात आणला आणि सगळं चित्र बदललं. तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त ऊर्जा! या बॅटरीवरच्या कामासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण ऊर्जा जास्त, तसा रागही जास्त.

जुन्या लॅपटॉपमधून बहुतेक वेळा निघतो तो १८६५० सेल, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. सर्वसाधारण व्होल्टेज ३.७. चार्ज करताना ४.२ ला थांबायचं म्हणजे थांबायचं, आणि वापरताना ३ च्या फार खाली न्यायचं नाही. मर्यादा ओलांडली की आत लिथियम धातूचे थर साचू लागतात, आणि मधला पातळ पडदा फाटला तर आतल्या आत शॉर्ट. मग उष्णता, उष्णतेमुळे रासायनिक क्रिया, त्यातून आणखी उष्णता... यालाच थर्मल रनअवे म्हणतात. २६०० एमएएचच्या एका सेलमध्ये सुमारे ९.६ वॉट-तास, म्हणजे जवळपास ३५ किलोज्यूल ऊर्जा असते. असे तीन सेल आपण उशीशेजारी चार्जिंगला लावून खुशाल झोपतो! २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलक्सी नोट ७ हा फोन बाजारातून परत घ्यावा लागला, तो बॅटरीतल्या दोषांमुळेच. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर चिकटपट्टीने बांधलेल्या आपल्या पॅकचं काय?

घरगुती पॅकमध्ये खरी गोम असते ती सिरीजमध्ये. तीन जुने सेल सिरीजमध्ये जोडले आणि त्यांना सरळ १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लावला, की हिशोब वरवर बरोबर दिसतो. पण प्रत्येक सेलचं वय वेगळं, क्षमता वेगळी. एक सेल मागे राहतो आणि दुसरा ४.२ च्या वर जातो. एकूण व्होल्टेज मोजून हे कळत नाही. म्हणून प्रत्येक सेलवर नजर ठेवणारा प्रोटेक्शन बोर्ड आणि लिथियम-आयनसाठीच बनवलेला चार्जर, या दोन गोष्टींना पर्याय नाही. शक्य असेल तर एकच सेल किंवा तयार पॉवर बँक वापरा. सेलला थेट सोल्डर करू नका, होल्डर घ्या. आणि १८६५० वर '९९०० एमएएच' छापलेलं दिसलं तर हसून पुढे चला. या आकारातला चांगला सेल साधारण ३५०० च्या आसपास असतो.

आता मुख्य मुद्दा. यावर होस्टेलचा ठरलेला उपाय म्हणजे बंदी आणि जप्ती. रेक्टरांची काळजी खोटी नाही. एका खोलीतला धूर अख्ख्या मजल्यावर पसरतो. पण बंदी आली म्हणून गाणी थांबत नाहीत, फक्त चार्जिंग लपून होतं... कपाटात, कपड्यांच्या ढिगात, रात्री दोनला. म्हणजे नेमकं जिथे आणि जेव्हा व्हायला नको, तिथेच आणि तेव्हाच!

त्यापेक्षा माझं म्हणणं असं: कॉमन रूममध्ये फरशीचा ओटा असलेला एक चार्जिंग कोपरा द्यावा, रात्री दहापर्यंत. इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांनी दर सेमिस्टरला एक संध्याकाळ मल्टिमीटर घेऊन बसावं. ज्याचा पॅक पास, त्यालाच कोपऱ्यात जागा. मेलेल्या सेलसाठी एक डबा ठेवावा. टोकांना टेप लावून सेल त्यात टाकायचे, आणि ते रीसायकलिंगला जावेत. बॅटरी कचऱ्यासाठी आपल्याकडे २०२२ पासून वेगळे नियम आहेत, ते सेल मेसमागच्या उकिरड्यासाठी नाहीत.

आणि आपण? फुगलेली चपटी बॅटरी किंवा गरम होणारा सेल दिसला तर 'आजची रात्र काढू' म्हणायचं नाही. धूर आला तर हातात घेऊन धावायचं नाही. जमलं तर मेन स्विच बंद, सगळे बाहेर, दार लावून घ्यायचं आणि १०१.

स्पीकर बनवायला चार तास लागतात. त्यात प्रोटेक्शन बोर्ड बसवायला अर्धा तास जास्त, आणि त्याची किंमत कॅन्टीनच्या एका संध्याकाळएवढी. तेवढं करूया, म्हणजे रेक्टर सरांकडे तो कोपरा मागायला आपल्याला तोंड राहील!