सहलीचा समुद्र

काही वर्षांपूर्वी दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होतो. निबंधाचा विषय होता ‘समुद्रकिनाऱ्यावरील एक दिवस’. शाळा हट्ट्याची. हट्टा हे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातले गाव. तिथून सर्वांत जवळचा म्हणावा असा समुद्रही शेकडो किलोमीटर दूर. वर्गात समुद्र पाहिलेले मूल शोधून सापडले नसते. तरीही जवळजवळ प्रत्येक उत्तरपत्रिकेत अथांग निळाई होती, फेसाळत्या लाटा होत्या, सोनेरी वाळू होती आणि शेवटी क्षितिजाआड जाणारा केशरी गोळा होता. एका मुलीने मात्र पहिल्याच ओळीत लिहिले होते की तिने समुद्र पाहिलेला नाही, सिद्धेश्वर धरण पाहिले आहे. मग तिने धरणाच्या भिंतीवरचा वारा, उतरलेल्या पाण्याने गाळावर सोडलेल्या रेघा आणि पाण्याजवळ जाऊ न देणारी आजी असे दीड पान लिहिले होते. मी तिला ‘विषयांतर’ असा शेरा दिला आणि गुण कापले. चाळीस खोट्या समुद्रांना मात्र मी सढळ हाताने गुण दिले होते.

ही कबुली आधी देतो, कारण पुढे जे म्हणायचे आहे त्यातला पहिला आरोपी मीच आहे.

मराठीत समुद्रसहलीच्या गद्याचा एक साचा पक्का झालेला आहे. रविवार पुरवण्या, दिवाळी अंकांतले ललित लेख, निबंधमाला, आणि अलीकडे मोबाइलवर फिरणारी प्रवासवर्णने यांत तो सर्वत्र सापडतो. पहाटे गाडी निघते; घाटात धुके असते; मग ‘अचानक’ एका वळणावर समुद्र ‘दर्शन देतो’. रस्ता नागमोडी, हवा प्रसन्न, ऊन कोवळे, जेवण सोलकढीचे. संध्याकाळी सूर्यास्त आणि परतताना मन भरून आलेले. या गद्याला मी वाईट म्हणतो ते त्यात आनंद आहे म्हणून नव्हे. त्यात पाहणे नाही, म्हणून. समुद्राकडे पाठ करून बसलेला माणूसही ते लिहू शकतो, याचा पुरावा माझ्या चाळीस उत्तरपत्रिकांत होता.

या साच्यातल्या उन्हापासूनच सुरुवात करू. ‘छान ऊन पडले होते’ हे वाक्य आपल्याकडे आले कुठून? थंड, ढगाळ मुलुखातल्या माणसाला ऊन पडणे हा सण असतो. त्याच्या भाषेत उन्हाचा दिवस ही स्तुती असणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे स्तुती होते ती आभाळ भरून येण्याची. कालिदासाच्या यक्षाने निरोप दिला तो मेघाजवळ. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’मध्ये उन्हाळ्याचे सौंदर्य दाखवले हे खरे, पण ते त्या कडक उन्हात काय फुलते, काय गळते हे बारकाईने पाहून. ऊन ‘छान’ आहे असे नुसते म्हणून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. हट्ट्याच्या शिवारात उन्हाला छान म्हणणारा माणूस एकच: ज्याची हळद शिजून झाली आहे आणि वाळत घालायची आहे. दहा-पंधरा दिवसांचे कडक ऊन, रोजचे उलथणे, मध्येच आभाळ आले तर ताडपत्रीसाठी धावपळ. आमच्या भागात ‘ऊन चांगले आहे’ या वाक्याला वसमतच्या बाजारातल्या भावाचे वजन असते.

साच्यातली दुसरी गोष्ट म्हणजे ‘एक दिवस’. समुद्राची एकदिवसीय सहल ही मुंबई-पुण्याची चैन आहे. अलिबाग किंवा दिवेआगर सकाळी निघून रात्री परत येण्याजोगे आहे ते तिथून. हट्ट्याहून परभणी, लातूर, सोलापूर, कोल्हापूर आणि आंबा घाट असे गणपतीपुळ्याला पोचायला सहाशेहून अधिक किलोमीटर पडतात. जाण्यात एक रात्र, येण्यात एक रात्र, आणि आधीचे दोन महिने सहलीची वर्गणी जमवण्यात. भूगोलाची थट्टा अशी की आमच्या शिवारातले पाणीही त्या दिशेला जात नाही. ते पूर्णेतून गोदावरीत आणि गोदावरीतून आंध्रमार्गे बंगालच्या उपसागराला मिळते. आमचा समुद्र, असलाच तर, तो पूर्वेचा. त्याच्यावर सूर्य मावळत नाही, उगवतो.

म्हणजे पठारावरच्या मराठीला समुद्र परका आहे काय? मुळीच नाही. भवसिंधू, दयासागर ही आमच्या कीर्तनातली रोजची भाषा. ज्ञानेश्वरीत समुद्र किती वेळा येतो, ते विद्यार्थ्यांनी एकदा मोजून पाहावे. नामदेवांची नरसी आमच्याच जिल्ह्यात. पण या परंपरेत समुद्र येतो तो विचार समजावण्यासाठी, दृष्टान्त म्हणून. वाळूत पाय पसरून बसण्याची जागा म्हणून नव्हे. किनारा ही करमणुकीची जागा आहे ही कल्पना मराठीत फार जुनी नाही. कोकणातसुद्धा नाही. तिथली जुनी घरे पाहा: समुद्राला सामोरी नाहीत, माडा-पोफळीच्या आगरांच्या आड, वाऱ्यापासून बचावून बसलेली आहेत. तिथल्या बोलीत वाळूच्या किनाऱ्याला पुळण म्हणतात. गणपतीपुळे या नावातले पुळे त्यातलेच. आपण मात्र पुळणीवर उभे राहून ‘बीच’ म्हणतो.

पुढे एकदा आमच्या मुलांची सहल खरोखरच कोकणात नेली. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा आरे-वारेचा रस्ता महाराष्ट्रातल्या देखण्या रस्त्यांपैकी एक आहे, यात वाद नाही. चढावरून खाली दोन पुळणी दिसतात आणि एसटीतली मुले ओरडतात, आमचीही ओरडली. मीही खिडकीबाहेर डोके काढले. पण त्या ओरडण्याचे पुढे काय करायचे, हे त्यांना शिकवलेल्या मराठीत कुठेच नव्हते. सुरूची झाडे पाहून एकाने ‘कोकणचे निसर्गसौंदर्य’ म्हणून वहीत टिपले. सुरू मूळचा इथला नाही. वारा आणि वाळू अडवण्यासाठी लावलेले ते झाड आहे. हे सांगितल्यावर त्याने वाक्य खोडले नाही, पुढे एक प्रश्नचिन्ह काढले. त्या सहलीतले उत्तम लेखन मला ते प्रश्नचिन्हच वाटते.

खरी गोष्ट घडली ती आदल्या दिवशी, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या बाजूला. वासामुळे निम्मी मुले नाकाला रुमाल लावून उभी होती. जमिनीवर मासळी वाळत घातली होती आणि दोन बायका ती उलथत होत्या. एका मुलीने पुढे होऊन विचारले, “मावशी, किती दिवसांचं ऊन लागतं?” मग त्यांचे बोलणे सुरू झाले ते थांबेना. आभाळ आले तर काय करता, रात्री दव पडले तर माल काळा पडतो का, कमी वाळला तर वजन भरते पण भाव जातो का. हळद वाळवणाऱ्या घरातली मुलगी मासळी वाळवणाऱ्या बाईशी बोलत होती, आणि दोघींना एकच ऊन ठाऊक होते. ‘निसर्गरम्य’ हा शब्द त्यात एकदाही आला नाही. मागून आमचे एक सहकारी म्हणाले, “चला, सूर्यास्त चुकेल.”

कोणी म्हणेल, माणसे चार घटका विरंगुळ्याला जातात, त्यांच्या मागे हा मास्तर कशाला? विरंगुळ्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या गद्याला वाङ्मय म्हणून मुलांच्या हाती देण्याला, कारण त्याची किंमत शब्दांपुरती राहत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. गणपतीपुळ्याचा समुद्रही धोक्याचा म्हणून ओळखला जातो. तिथे कुणी बुडाल्याची बातमी येते तेव्हा त्याचे गाव पाहा, अनेकदा ते घाटावरचे असते. साहित्याने माणसे वाचवावीत असा बालिश दावा मी करत नाही. पण ज्या मुलाने दहा वर्षे समुद्राबद्दल वाचले आणि लिहिले, त्याला ओहोटी माणसाला आत ओढते, पायाखालची वाळू एका पावलावर संपते, शेवाळलेला कातळ निसरडा असतो, अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी असते, यांतले एकही वाक्य मराठीच्या पुस्तकात भेटू नये? उधाण हा शब्द त्याला माहीत असतो, पण आनंदाला येणारे उधाण म्हणून. पाण्याचे उधाण त्याला कुणी सांगितलेले नसते.

मराठीत याहून वेगळे लिहिलेच गेले नाही असेही नाही. श्री. ना. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ १९५२चा. त्यातले कोकण सुपारीच्या हिशेबांचे आणि गावकीच्या ताणांचे आहे. खानोलकरांच्या कोकणात सहलीची गाडी शिरूच शकणार नाही. केशवसुतांचे मालगुंड गणपतीपुळ्याला अगदी लागून. कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे त्यांचे स्मारक उभारले आहे. समुद्राकाठच्या या कवीची ओळख समुद्राच्या वर्णनावर उभी नाही, हे लक्षात घ्यावे. आमची एसटी तिथे थांबवण्यासाठी मला चालकाची आणि सहकाऱ्यांची बरीच मनधरणी करावी लागली. वीस मिनिटे मिळाली.

आणि सागरी महामार्ग? रेवस ते रेड्डी असा किनाऱ्याने जाणारा हा रस्ता अंतुल्यांच्या काळापासून कागदावर आणि तुकड्यातुकड्याने जमिनीवर आहे. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ इथे गाडी फेरीबोटीत चढवून खाडी ओलांडायची. प्रवासवर्णनात ही दहा मिनिटे गंमत म्हणून येतात, छायाचित्रासह. खाडीच्या पलीकडे दवाखाना असलेल्या माणसाला शेवटची फेरी सुटल्यावर ती खाडी केवढी होते, हे त्याच बोटीवर उभे राहून विचारता येते. विचारलेले मी अजून वाचलेले नाही. जयगडच्या औष्णिक वीजप्रकल्पाची चिमणीही या वर्णनांत दिसत नाही. ती चौकटीबाहेर ठेवण्याइतपत कौशल्य आपल्या ललित लेखकांनी कमावले आहे.

निबंधाचे विषय काढणाऱ्यांना आणि त्यांचे नमुने छापणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे की ‘समुद्रकिनाऱ्यावरील एक दिवस’ हा विषय ठेवायचाच असेल, तर हट्ट्याच्या मुलाला धरणावरचा दिवस लिहिण्याची मुभा त्याच प्रश्नात छापावी. आणि गुण देताना वर्णन किती निळे आहे हे पाहू नये. त्या दिवशी भरती किती वाजता होती, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते की नाही, ते पाहावे. त्या मुलीचा पेपर मी परत मागून घेतला नव्हता. निकाल लागून गेला होता.