रोह्यात जे जमते, ते पॅरिसमध्ये का नाही?

दादरहून मडगावला निघालेल्या गाडीत रोहा कधी मागे पडले, हे बहुतेकांना कळतही नाही. मध्य रेल्वेची हद्द तिथे संपते आणि कोकण रेल्वे या स्वतंत्र महामंडळाची सुरू होते. प्रवाशाकडे मात्र एकच तिकीट आणि एकच पीएनआर. भाड्याची वाटणी दोन्ही यंत्रणा आपापसात करतात.

युरोपात देशांच्या सीमा सहज ओलांडता येतात, पण ही साधी सोय तिथे अजून सर्वत्र मिळत नाही.

लंडन ते बार्सिलोना हा प्रवास पाहा. सकाळी सेंट पँक्रसहून युरोस्टार पकडली की समुद्राखालच्या बोगद्यातून साधारण अडीच तासांत पॅरिसचे गार द्यू नॉर येते. तिथून उपनगरी गाडीने दुसरा थांबा गार द लिओं, आणि पुढे सातेक तासांत थेट बार्सिलोना. रूळ आहेत, वेगवान गाड्या आहेत, फ्रान्सची पासपोर्ट तपासणीही लंडनच्या फलाटावर जाण्याआधीच उरकते. घोडे अडते ते तिकिटापाशी. युरोस्टारचे तिकीट वेगळे, पॅरिसपुढचे वेगळे. पहिली गाडी दोन तास उशिरा पोहोचली आणि दुसरी निघून गेली, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी हा प्रवासी गाडीवर आलाच नाही.

युरोपीय संघाचा जून २०२३ पासून लागू झालेला नियम तासाभराच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के, तर दोन तास वा अधिक उशिराला ५० टक्के भरपाई देतो. पण तिकिटे सुटी असतील तर चुकलेल्या पुढच्या गाडीची हमी त्यात नाही. अशा प्रवाशाला पुढच्या गाडीत सामावून घेण्याचा करार काही कंपन्यांनी केला आहे, मात्र तो ऐच्छिक आहे आणि सगळ्या कंपन्या त्यात नाहीत. भारतीय रेल्वेने १ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर जोडण्याची सोय दिली. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात.

युरोपातला हा गुंता आपोआप तयार झालेला नाही. पूर्वी स्टेशनच्या खिडकीवर किलोमीटर मोजून परदेशापर्यंतचे सलग तिकीट मिळे. १९९१ नंतर तिथे रूळ सांभाळणे आणि गाड्या चालवणे ही कामे वेगळी होत गेली, नव्या कंपन्या आल्या, मागणीनुसार बदलणारे दर आले. प्रत्येक कंपनी आपली तिकिटे आपल्याच दुकानात विकू लागली. स्पर्धेमुळे काही मार्गांवर भाडी उतरली, हा फायदा खराच. पण सगळा प्रवास जोडण्याचे ओझे प्रवाशाच्या खांद्यावर आले.

महाराष्ट्रातून युरोपला जाणाऱ्या कुटुंबाला हे ओझे अधिक जाणवते. व्हिसासाठी प्रवासाचा आराखडा आधी हवा, तर काही गाड्यांचे आरक्षण तोवर उघडलेलेही नसते. दर डिसेंबरच्या मध्यावर युरोपभर वेळापत्रक बदलते, त्यामुळे पुढच्या हंगामाच्या तारखांसाठी वाट पाहावी लागते. युरेल पास घेतला तरी युरोस्टार, फ्रान्सच्या टीजीव्ही आणि रात्रीच्या शयनयान गाड्यांसाठी आरक्षणाचे वेगळे पैसे मोजावे लागतात. पासधारकांच्या जागाही मोजक्याच असतात. म्हणून आराखडा करताना आधी रात्रीच्या गाडीचा बर्थ पक्का करावा, मग दिवसाच्या गाड्या जुळवाव्यात. तिकिटे सुटी असतील तर मध्ये चांगले दोन-तीन तास ठेवावेत, आणि गाडी रखडलीच तर उशिराची नोंद कर्मचाऱ्याकडून लगेच लिहून घ्यावी.

हे शहाणपण प्रवाशाने शिकावेच, पण ते व्यवस्थेच्या जबाबदारीला पर्याय ठरू नये. युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी जुलै २०२४ मध्ये एकाच ठिकाणी, एकाच तिकिटावर आणि संपूर्ण प्रवासाच्या हक्कांसह आरक्षणाचे आश्वासन दिले. त्यासाठीच्या कायद्यात दोन गोष्टी सक्तीच्या हव्यात: प्रत्येक कंपनीने आपले दर आणि जागा इतर विक्रेत्यांना खुल्या करणे, आणि जोडगाडी चुकली तर प्रवाशाला मुक्कामी पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची हे तिकिटावरच नमूद करणे. यातली दुसरी अट गळाली, तर एका खिडकीवर विकत घेतलेला प्रवासही गार द लिओंच्या फलाटावर तसाच तुटेल.