मेणाचे घर वाहून कसे जाईल?

गोष्टी लिहिणाऱ्यांच्या आणि छापणाऱ्यांच्या जमातीत एक वाक्य फार लाडके आहे : “अहो, गोष्टच ती! वाचक एवढे बारकाईने कुठे बघतो?” पहिल्या पानावर वारलेले तीर्थरूप शेवटच्या पानावर वधूवरांना आशीर्वाद द्यायला हजर होतात, आणि त्याबद्दल विचारावे तर हे उत्तर!

मी म्हणतो, वाचक बघतो. नुसता बघत नाही, त्याचा मेंदू ठेचकाळतो. अमेरिकेत मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलियार्ड यांनी १९८० साली हे मोजून दाखविले. वाचकाच्या डोक्याला तारा जोडून त्यांनी एकेक शब्द त्याच्यापुढे धरला. गरम पावाला कोणी चक्क पायमोजे फासले, असे वाक्य आले मात्र, त्या विसंगत शब्दापासून सुमारे ४०० मिलिसेकंदांत, म्हणजे अर्धा सेकंदही उलटण्याआधी, मेंदूतल्या विजेच्या लहरीत स्पष्ट फरक पडला. १९९३ च्या एका प्रयोगात, शाकाहारी म्हणून ओळख करून दिलेली बाई पुढे मांसाचा पदार्थ मागवते, त्या वाक्यापाशी वाचणाऱ्यांची गती मंदावली. मधली कितीतरी वाक्ये ओलांडूनही!

“मग काय, परीकथा बंबात घालायच्या?” असे कोणी शहाणे विचारतीलच. मुळीच नाही. हॉलंडमध्ये २००६ साली नाचऱ्यागाणाऱ्या, प्रेमात पडलेल्या शेंगदाण्याची गोष्ट लोकांना ऐकविली. त्या गोष्टीत शेंगदाणा ‘प्रेमात पडला’ हे मेंदूने बिनतक्रार मानले. ‘खारट होता’ म्हटल्यावर तो अडखळला! आपल्या चिऊकाऊच्या गोष्टीत दुसरे काय आहे? कावळा बोलतो, घर बांधतो, चार वर्षांचे पोर हूं की चूं करीत नाही. पण पावसात शेणाचे घर टिकले आणि मेणाचे वाहून गेले असे सांगून बघा. पोर पांघरुणातून उठून बसेल. आणि आपण वडीलधारी मंडळी काय करतो? “आगाऊपणा नको, गोष्ट आहे ती!” म्हणून त्याला पुन्हा निजवतो. जी पारख त्याला कुणी शिकविली नव्हती, ती मोडायचे शिक्षण मात्र आपण फुकट देतो.

आता वाचकहो, झटकन सांगा : सीतेला पळवून नेणाऱ्या कंसाला तोंडे किती? ‘दहा’ म्हणालात ना? असू द्या. मोझेसने नौकेत प्रत्येक जातीचे प्राणी किती घेतले, असे १९८१ साली विचारले तेव्हा, नौका नोहाची हे ठाऊक असलेल्यांपैकीही पुष्कळांनी ‘दोन’ म्हटले. चुकीचे नाव जवळचे असले की ते निसटते. आमच्या आळशी लेखकांचा सारा धंदा या फटीवर चालतो.

मी भिवंडीचा. आमच्या गावात यंत्रमागाच्या खडखडाटाशिवाय दिवस उजाडत नाही. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. उभा धागा तुटला तर साधा माग तसाच चालू राहतो आणि कापडात लांबच लांब फट पडत जाते. म्हणून कामगाराला तिथे डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागते. तो चुकला तर तागा खोटीचा ठरतो, आणि मालक मजुरी कापायला कमी करीत नाही. मेलेल्या तीर्थरूपांना अक्षता टाकायला लावणाऱ्या लेखकाला मात्र मानधन पुरते पोचते, आणि पुढच्या दिवाळीचे आमंत्रणही.