बरणी टिकली, गोगलगायी मेल्या

सध्या आमच्या ऑफिसात टेबलाटेबलावर झाकणबंद काचेच्या बरण्या दिसतात. तळाला माती, वर पाणी, चार हिरव्या काड्या, आणि मालकाच्या चेहऱ्यावर ब्रह्मदेवाचं हसू. "सेल्फ-सस्टेनिंग आहे रे, काही करावं लागत नाही!"

मंडळी, या 'काही करावं लागत नाही'चा मला भयंकर राग आहे. का, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत वाशीमला गेलो तेव्हा मीही हा उद्योग केला. एकबुर्जी तलावाकाठचा चिखल, तिथलंच पाणी, थोडं हायड्रिला आणि नखाएवढ्या तीन गोगलगायी. थिअरी सोपी. उजेडात वनस्पती ऑक्सिजन सोडते, तो गोगलगायी घेतात. त्यांची घाण जिवाणू कुजवतात, त्यातून वनस्पतीला खत मिळतं. वर्तुळ पूर्ण! आईची लोणच्याची रिकामी बरणी घेतली, झाकण घट्ट लावलं. आई म्हणाली, "बाबू, झाकन लावून लोनचं टिकते, जीव नाही टिकत."

महिना एप्रिल, तोही वाशीमचा. बरणी पश्चिमेच्या खिडकीत. उन्हात बंद काच म्हणजे चूलच. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि रात्री वनस्पती तो देत नाही, उलट घेते. सहाव्या दिवशी तिन्ही गोगलगायी मेलेल्या. झाकण उघडलं तर कुजक्या अंड्यांचा वास.

पण खरी गंमत पुढेच. झाकण लावून बरणी सावलीत सरकवली आणि विसरलो. महिनाभरात काचेवर शेवाळ धरलं. आजही हिरवीगार आहे! म्हणजे कागदोपत्री माझा प्रोजेक्ट यशस्वी. बरणी टिकली. फक्त गोगलगायी टिकल्या नाहीत.

हाच माझा मुद्दा. निसर्ग समतोल साधतो, कबूल. पण त्या समतोलात तुमची सीट रिझर्व्ह आहे असं कोणी सांगितलं?

शिवाय 'स्वयंपूर्ण' हेही अर्धसत्यच. ऑफिसातली बरणी जगते ती ट्यूबलाइट आणि एसीच्या जिवावर. आपल्या भाषेत सांगायचं तर डिपेंडन्सी काढलेली नाही, नुसती लपवलीय. अमेरिकेत १९९१ साली 'बायोस्फिअर २' नावाच्या भल्यामोठ्या काचघरात आठ माणसं दोन वर्षांसाठी कोंडून घेऊन राहिली. मातीतले जिवाणू ऑक्सिजन खात सुटले, त्यातून झालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटने शोषला. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साधारण साडेचौदावर आला, आणि १९९३ मध्ये बाहेरून भरावा लागला. एवढे तज्ज्ञ, एवढा पैसा, तरी ही गत!

लांब कशाला, वाशीमहून रिसोडमार्गे लोणार गाठा. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात उल्केने घडवलेली बरणी आहे ती. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. पाणी आत येतं, बाहेर वाहून जायला वाट नाही. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी घटून खारटपणा वाढला होता आणि खारात रमणारे हॅलोआर्किया फोफावले होते. सरोवर मजेत होतं, फक्त आतला मालक बदलला होता. रंग परतला तो पाऊस पडल्यावर. म्हणजे मदत बाहेरूनच आली.

आणि आपण शिकलेली माणसं आटलेल्या विहिरी बघून, फवारणीने मेलेली माती बघून म्हणतो, "निसर्ग सावरून घेतो." घेईल की! माझं शेवाळही सावरलंच.

असो. बरणी जरूर करा. सावलीत ठेवा, आत प्राणी घालू नका. घातलेच असतील तर झाकण उघडा आणि रोज बघा. आणि 'काही करावं लागत नाही' हे वाक्य आधी गोगलगायीला विचारा, मग मला सांगा.