नगररचनाकाराची मुलाखत

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव सहायक नगररचनाकाराच्या जागेसाठीं झालेली लेखी परीक्षा उत्तीर्ण झाले आणि मुलाखतीचें बोलावणें आलें. तेव्हांपासून घरांत दुसरा विषय नाहीं. आप्तेष्टांपैकीं कोणी नवा सदरा शिवावयास सांगतो, तर कोणी आरशापुढें उभें राहून इंग्रजी बोलण्याचा सराव करावयास सुचवितो. आम्हांस जन्मभर एकच विद्या आली, ती उजळणी घेण्याची. तेव्हां रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओसरीवर परीक्षक-मंडळ बसूं लागलें: आम्ही, बंधु, आणि आमच्या वडील भगिनी ताई.

पुस्तकी प्रश्नांस चिरंजीव अडखळले नाहींत. मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना कायदा, १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें जोडलेली बारावी अनुसूची व तींत नगर-नियोजनास मिळालेलें पहिलें स्थान, हें सर्व त्यांनीं धडाधड म्हणून दाखविलें. चटई-क्षेत्र निर्देशांक हा शब्द प्रथम कानीं पडला तेव्हां आमच्या डोळ्यांपुढें पंगतीच्या चटया आल्या होत्या. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या कितीपट बांधकाम करूं द्यावयाचें तें प्रमाण, एवढाच त्याचा अर्थ. आम्हीं मोह न आवरून कौटिल्याचें दुर्गनिवेश प्रकरण पुढें केलें: पूर्वपश्चिम राजमार्ग तीन, दक्षिणोत्तर तीन, द्वारें बारा. त्यावर चिरंजीव नम्रपणें म्हणाले, “अण्णा, कौटिल्य मोकळ्या जमिनीवर नगर वसवितो. आम्हांस वसलेलें गांव मिळतें.” हें उत्तर आम्हांस आवडलें.

चौथ्या रात्रीं ताईंनीं विचारलें, “नव्या आराखड्याची रेघ आपल्या घरावरून गेली आहे ना? उद्यां तूंच येथला अधिकारी झालास तर काय करशील?”

आमची गल्ली चार मीटर रुंद. प्रारूप विकास आराखड्यांत ती नऊ मीटर दाखविली आहे. दोन्ही बाजूंनीं अडीच-अडीच मीटर घेतले कीं आमचा ओटा जातो आणि ओसरीहि बहुतेक जाते. आम्ही बसलों होतों तीच ही ओसरी.

चिरंजीव म्हणाले, “सार्वजनिक हित मोठें, आत्या. रेघ राहील.” ताई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून चिरंजीव पुढें म्हणाले, “थोडी सरकवतांहि येईल.” आम्हीं दोन्ही उत्तरांस शून्य गुण दिले. पहिलें पाठ केलेलें होतें. दुसऱ्यांत अन्याय होता. रेघ आमच्याकडून सरकली कीं समोरच्या कासाराच्या दुकानांत शिरणार, आणि त्याला मागें हटावयास वीतभर जागा नाहीं.

सर पॅट्रिक गेडीस १९१९ पासून १९२४ पर्यंत मुंबई विद्यापीठांत अध्यापक होते. आधीं गांव पायीं हिंडून त्याचें निदान करावें, उपाय मग, असा त्यांचा आग्रह असे. आम्हीं चिरंजीवांच्या हातीं मोजपट्टी व वही देऊन त्यांस गल्लींत धाडलें. उभ्या वस्तीशीं नकाशाचा मेळ न घालण्याचें फळ मुंबईनें पाहिलेंच आहे. तेथील फेब्रुवारी २०१५ च्या प्रारूप आराखड्यांतील चुकांवरून एवढा गहजब झाला कीं एप्रिलांत तो फिरून करण्याची आज्ञा झाली. सुधारलेला आराखडा २०१६ सालीं आला व मंजुरीस २०१८ साल उजाडलें.

चिरंजीव संध्याकाळीं परतले ते निराळेच प्रश्न घेऊन. कोपऱ्यावर विजेचा खांब आहे, तेथें गल्ली तीन मीटरहि भरत नाहीं. ताईंस एकदम आठवलें: आमच्या मातोश्रींस न्यावयास आलेली रुग्णवाहिका त्याच खांबापाशीं अडली होती, आणि त्यांस खुर्चींत बसवून तेथवर उचलून न्यावें लागलें होतें. रस्ता नको असें म्हणण्याची सोय मग कोणासच उरली नाहीं.

पुढील तीन रात्रीं चिरंजीवांस एकच काम दिलें. आत्यांस कायदा मराठींत समजावून सांगावयाचा, आणि त्यांनीं मान डोलविल्याखेरीज उठावयाचें नाहीं. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर तीस दिवसांत कोणासहि हरकत घेतां येते. जागा जाते त्यास समजुतीनें पैसे मिळूं शकतात, किंवा चटई-क्षेत्राच्या अथवा अन्यत्र वापरतां येणाऱ्या विकास-हक्काच्या रूपानें मोबदला मिळूं शकतो. नाहीं तर भूसंपादनाचा कायदा आहे. आराखडा अमलांत येऊन दहा वर्षें लोटलीं व जागा घेतली गेली नाहीं, तर मालकानें नोटीस द्यावी. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाचें पाऊल न पडल्यास आरक्षण सुटतें. पहिल्या रात्रीं ताई अर्ध्यांतच जपमाळ घेऊन उठल्या. दुसऱ्या रात्रीं त्यांनीं विकास-हक्क म्हणजे काय तें दोनदां विचारलें. तिसऱ्या रात्रीं मान हलली. आणि अधिकारी झाल्यास काय करणार, या मूळ प्रश्नास चिरंजीवांनीं उत्तर दिलें: घर माझें आहे असें प्रथम वरिष्ठांस लेखी कळवीन, आणि या गल्लीचें प्रकरण दुसऱ्याकडे सोंपवा म्हणेन.

मुलाखत होऊन गेली. मंडळानें बारावी अनुसूची विचारली, सांडपाण्याविषयीं दोन प्रश्न केले, आणि तुमच्या गांवांतील एक अडचण सांगा म्हणाले. चिरंजीवांनीं खांब सांगितला. निकाल लागावयाचा आहे.

हरकतीची मुदत त्याच आठवड्यांत संपत होती. गल्ली नऊ मीटरांऐवजीं सहा मीटर करावी, म्हणजे दोहों बाजूंचे ओटे तेवढे जातील, आणि खांब आधीं हलवावा, असा अर्ज आम्हीं लिहिला. ताईंनीं सही केली, कासारानेंहि केली. चिरंजीवांनीं कागदास हात लावला नाहीं.